मार्कवर मराठीत भाष्य लिहून ते छापेपर्यंत

२०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानावरचं, म्हणजे येशूच्या चार चरित्रांपैकी एकावरचं, माझं मराठी भाष्य छापून आलं. २४० पानं, ३०० प्रती. तेव्हापासून निपाणी, चंदगड, खानापूर अशा ठिकाणांहून फोन येतात. पुस्तकात काय आहे हे थोडेच विचारतात. हे केलं कसं, कुणाला भेटायचं, पैसे किती लागतात, हेच जास्त. प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा क्रमानं लिहून ठेवतो.

मी पाळक नाही, सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेत, शिकलेलो नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात नोकरी करतो. पाळकसाहेब बाहेरगावी गेले की उपासनेत वचन वाचून चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे येतं, तेवढंच. आमच्या भागात मराठी ख्रिस्ती मंडळी काही आजची नाही. लंडन मिशननं बेळगावात १८२० साली काम सुरू केलं. मराठी गद्याच्या इतिहासात ज्यांचं नाव हमखास येतं ते बाबा पदमनजी १८३१ साली इथेच जन्मले आणि १८५४ साली इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढा जुना वारसा असूनही माझ्या हाताशी जी मराठी स्पष्टीकरणं होती, ती बहुतेक इंग्रजीवरून केलेली. त्यातली उदाहरणं बर्फातली आणि मेंढरांची. आमच्याकडे ऊस, भात आणि तंबाखू.

सुरुवात २०२१ च्या उन्हाळ्यात झाली. लॉकडाऊन होता, उपासना बंद होत्या, म्हणून आठवड्यातून एकदा मोबाइलवर बायबल अभ्यास घ्यायचो. मार्कचा दुसरा अध्याय आला. गालील प्रांतातल्या कफर्णहूम गावात चौघं जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, दारात गर्दी, म्हणून छपरावर चढून वरून खाली सोडतात. खानापूरच्या एकानं सांगितलं, कौलं काढायला कितीसा वेळ लागतो, आम्ही दर पावसाळ्याआधी काढतो. अथणीकडच्या एक मावशी मध्येच म्हणाल्या, ‘‘कौलं कुठली रे? उकरलं म्हणून लिवलंय की. माळवद असणार.’’ दोघांची जुंपली. माझ्या शेजारी दोन भाषांतरं उघडी होती. मार्कमध्ये छप्पर उकरल्याचं आहे, लूककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात कौलांतून खाली सोडल्याचं आहे. म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण हा फरक का, हे मला सांगता येईना.

पुढे वाचनात कळलं की गालीलातली साधी घरं माळवदाचीच असत. लाकडी तुळ्या, त्यावर फांद्या नाहीतर बोरू, वर मातीचा थर, आणि पावसाळ्याच्या तोंडाला तो पुन्हा दाबून घ्यायचा. अथणी-रायबागकडच्या जुन्या घरांना वेगळं काही करत नाहीत. लूकनं बहुधा आपल्या शहरी वाचकांना ओळखीचं छप्पर घातलं, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. मी मावशींना फोन करून हे सांगितलं तर त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता. ‘‘माळवद उकरलं तर खाली सगळी माती पडती. घरवाला गप्प कसा बसला?’’ हा प्रश्न मला पुढे कुठल्याच जाड ग्रंथात सापडला नाही. एवढंच सांगता येतं की पहिल्या अध्यायात येशू शिमोन (म्हणजेच पेत्र) आणि अंद्रिया यांच्या घरी उतरलेला आहे, आणि दुसऱ्या अध्यायात ‘तो घरी आहे’ असं लोकांच्या कानावर येतं, त्यामुळे हे घर तेच असू शकेल. मावशी म्हणाल्या, ‘‘मग पेत्राच्या सासूनंच सारवलं असणार बघ ते. आत्ताच कुठं तापातनं उठलेली बाई.’’ मला वाटतं भाष्य लिहायचं त्या फोनवर ठरलं.

मार्क मूळ ग्रीक भाषेत आहे, आणि ग्रीक शिकल्याशिवाय हे करायचं नाही असं मी मनाशी धरलं होतं. हे सगळ्यांनी करावंच असं नाही, पण निदान अक्षरं आणि शब्दकोश पाहता येण्याइतकं यावं, नाहीतर दर वाक्याला दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं. बेंगळुरूच्या एका निवृत्त सेमिनरी शिक्षकांनी व्हिडिओवर शिकवायचं कबूल केलं. ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याला दोन तास, महिना १,००० रुपये. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री बाराला क्रियापदं पाठ करताना बायको दारातून डोकावून जायची, बोलायची नाही. पहिले तीनचार महिने काहीही डोक्यात शिरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मग एके दिवशी ओळ आपोआप वाचता येते. ग्रीक मजकुराचं पुस्तक विकत घ्यायची घाई करू नका. २०१० साली सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरनं काढलेली ग्रीक संहिता इंटरनेटवर फुकट मिळते, माझं बहुतेक काम तिच्यावरच झालं.

शिकायला मार्कच घ्या. चारांतलं हे सगळ्यात छोटं शुभवर्तमान, अध्याय सोळा. वाक्यं आखूड, ‘आणि’ला ‘आणि’ जोडत जाणारी, ‘लगेच’ हा शब्द चाळीसेक वेळा. गावाकडचा माणूस बसस्टँडवर घडलेली गोष्ट सांगतो त्या वेगानं सगळं पुढे सरकतं. मोठ्यानं वाचलं तर दोन तासांच्या आत संपतं. भाष्य लिहायचं ठरवणाऱ्यानं आधी एका बैठकीत असं वाचून काढावं. आपण आयुष्यभर रविवारी तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे याईराच्या मुलीच्या गोष्टीत रक्तस्रावी बाईची गोष्ट मुद्दाम मध्ये घातली आहे, अंजिराच्या झाडाच्या गोष्टीच्या पोटात मंदिराची गोष्ट आहे, ही रचना लक्षातच येत नाही.

२०२२ मध्ये वाचन सुरू केलं. इथे खर्चाचा पहिला धक्का बसला. चांगली इंग्रजी भाष्यं परदेशातून मागवायची तर एकेका खंडाला माझ्या पगाराचा मोठा तुकडा जातो. विन्सेंट टेलर यांचं १९५२ चं जुनं भाष्य सेकंडहँड मिळालं, मॉर्ना हूकर यांचं भाष्य शिक्षकांनी वाचायला दिलं. बाकीच्यांसाठी पुण्यातल्या एका सेमिनरीच्या ग्रंथालयात जायचो. बाहेरच्या माणसाला आत बसू देतात का, हे फोनवर आधी विचारा, पाळकसाहेबांचं ओळखपत्र आणि आधारची झेरॉक्स न्या, आणि फोटो काढायला परवानगी आहे का तेही विचारून घ्या. रजा शनिवारला जोडून काढली तर रात्रीच्या बसनं जाऊन सलग दोन दिवस मिळतात.

पुण्यात काउंटरवर मी तोंड उघडलं की समोरचा विचारायचा, ‘‘बेळगावचे का?’’ मी काय वेगळं बोललो ते मला कळायचं नाही. मार्कच्या चौदाव्या अध्यायात महायाजकाच्या वाड्यात आगीजवळ उभे असलेले लोक पेत्राला म्हणतात, तू त्यांच्यातलाच, गालीलकर आहेस. कशावरून ओळखलं हे मार्क सांगत नाही. ‘तुझ्या बोलण्यावरून’ हे मत्तयकृत शुभवर्तमानात आहे. मार्कच्या नंतरच्या काही हस्तलिखितांत तेवढा तुकडा वाढलेला दिसतो, जुन्या हस्तलिखितांत नाही. बहुधा मत्तय तोंडपाठ असलेल्या कुणा नकलकारानं भर घातली असावी. हस्तलिखितांतले फरक कसे होतात हे समजवायला मला यापेक्षा सोपं उदाहरण मिळालं नाही, आणि भाष्यात ते मी इथल्या वाचकासाठी सविस्तर घेतलं आहे.

वाचताना एक वही केली. डाव्या पानावर अभ्यासकांचे प्रश्न, उजव्या पानावर आमच्या लोकांचे. डावं पान झपाट्यानं भरलं. मार्क कधी लिहिलं गेलं? साधारण इसवी सन ६५ ते ७५ च्या दरम्यान, यरुशलेमाचं मंदिर सन ७० मध्ये पडलं त्याच्या थोडं आधी की नंतर यावर वाद. मार्क आधीचा की मत्तय? जुने धर्मपंडित ऑगस्टीन यांच्यापासून कित्येक शतकं मार्क हा मत्तयाचा संक्षेप मानला गेला, त्यामुळे त्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. एकोणिसाव्या शतकात पारडं फिरलं आणि आता मार्क आधीचा हे बहुतेकांना मान्य आहे. येशू लोकांना ‘कुणाला सांगू नका’ असं का बजावतो? यावर जर्मन अभ्यासक विल्यम व्रेडे यांनी १९०१ साली जो वाद उभा केला तो अजून चालू आहे. ही सगळी माहिती भाष्यात आहे, पण थोडक्यात.

उजवं पान हळू भरलं आणि त्यालाच खरी मेहनत लागली. येशूनं सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावर बैलहोंगलकडच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, ‘‘कुरीनं पेरलं तर बी वाटेवर पडेलच कसं?’’ बरोबर आहे. कुरीनं, म्हणजे तिफणीनं, पेरलेलं बी तासातच पडतं. दाखल्यातला माणूस मुठीनं फोकून पेरतो आहे. त्या देशात आधी पेरून मग नांगर घालत, म्हणून पायवाटेवरही बी पडे, असं जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी मांडलं. दुसऱ्यांनी दाखवलं की नांगरटीनंतर पेरल्याचेही जुने पुरावे आहेत. दोन्ही बाजू मी दिल्या. शेतकऱ्याला पहिली पटली नाही. ‘‘बी काय फुकट येतंय व्हय?’’ म्हणाला. तेही वाक्य नाव न घालता भाष्यात ठेवलं आहे.

येशू ज्याच्या घरी जेवायला जातो त्या लेवी या जकातदाराच्या गोष्टीला मात्र आमचा सीमाभाग उपयोगी पडला. कफर्णहूमात जकातीचं नाकं कशाला, हा प्रश्न पुस्तकी वाचकाला पडतो, आम्हाला पडत नाही. हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ मध्ये मेल्यावर राज्य मुलांत वाटलं गेलं. गालील अंतिपाकडे, गालील सरोवराच्या पूर्वेकडचा मुलूख फिलिप्पाकडे. कफर्णहूम त्या सरहद्दीजवळचं गाव. २०२१ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर कोरोना चाचणीचा कागद नाही म्हणून गाडी वळवून परत आलेली माणसं आमच्या मंडळीत आहेत. नाक्यावर बसणाऱ्या माणसाबद्दल लोकांना काय वाटत असेल, आणि त्याच्या घरी जेवायला गेलेल्याबद्दल काय वाटत असेल, ते समजावून सांगायला मला अर्धं पानही लागलं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये लिहायला बसलो, मार्च २०२४ मध्ये कच्चा खर्डा झाला. पहाटे पाच ते साडेसहा, रविवार सोडून. हस्तलिखित कागदावर, मग मोबाइलवर बोलून टाइप. बोलून टाइप केलं तर मराठी नव्वद टक्के बरोबर उतरतं, पण बायबलमधली नावं मोडतात, ती मागाहून एकत्र शोधून बदलायची.

सगळ्यात जड गेला तो शेवटचा अध्याय. सोळाव्या अध्यायातल्या ९ ते २० या ओव्या व्हॅटिकन आणि सिनाई या चौथ्या शतकातल्या दोन प्रमुख हस्तलिखितांत नाहीत. तिथे मार्क आठव्या ओवीवर थांबतं. बाया कबरेपासून पळून जातात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत, संपलं. हे मी आमच्या वडीलजनांपुढे वाचून दाखवलं तेव्हा खोलीतली हवाच बदलली. एकजण म्हणाले, ‘‘म्हणजे तुम्ही वचन काढून टाकणार?’’ मी म्हटलं, काढत नाही, दोन्हींवर लिहितो, पण हस्तलिखितांत काय आहे हे लपवणार नाही. चौथ्या शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियस यालाही हे ठाऊक होतं, हा काही आजच्या टीकाकारांनी लावलेला शोध नव्हे, हे सांगितल्यावर जरा सैल झाले. पाळकसाहेबांनी त्या बैठकीत माझी बाजू घेतली नाही आणि विरोधही केला नाही. फक्त म्हणाले, ‘‘लिहा, पण लोकांना घाबरवून सोडू नका.’’ ते मला फार उपयोगी पडलं. त्यानंतर तो भाग पुन्हा लिहिला.

आणि त्याच ओव्यांत साप आहे. अठरावी ओवी म्हणते, विश्वास धरणारे सर्प उचलतील. आमच्या शेतवडीत पावसाळ्यात साप चावणं ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. खानापूरकडच्या एका बाईंनी सरळ विचारलं, ‘‘प्रार्थना करून घरी थांबलं तर चालतंय का?’’ अभ्यासकी भाष्यात या प्रश्नाला जागा नसते. मी जागा केली. ठळक अक्षरांत लिहिलं की या ओव्या नंतरच्या भरीतल्या आहेत, आणि त्या मूळच्या धरल्या तरी त्यात परीक्षा बघायची आज्ञा कुठेही नाही. साप चावलेल्या माणसाला हालचाल न करू देता ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्यायचं, प्रतिविषाचं इंजेक्शन तिथे मिळतं. माझ्या शिक्षकांना हा परिच्छेद भाष्याच्या शिस्तीत बसत नाही असं वाटलं. त्यांचं बाकीचं जवळपास सगळं मी ऐकलं, हे ऐकलं नाही.

एप्रिल ते सप्टेंबर २०२४ खर्डा तिघांकडे फिरला. शिक्षक, पाळकसाहेब आणि अथणीच्या त्या मावशी. मावशी सातवी शिकलेल्या, डोळ्याला त्रास, म्हणून नातीनं वाचून दाखवायचं आणि मी फोनवर ऐकायचं. जिथे नात अडखळे तिथे माझं वाक्य लांबलेलं असे. जिथे मावशी गप्प राहत तिथे त्यांना कळलेलं नसे. असा एक वाचक शोधाच. विद्वान वाचक पुढेमागे मिळतो, हा मिळणं अवघड. कारखान्यातल्या दोघांनीही थोडं वाचलं. ते ख्रिस्ती नाहीत. त्यांना सहाव्या अध्यायातली एकच गोष्ट आवडली. नासरेथचे गावकरी येशूला ‘हा सुतारच ना’ असं हिणवतात, आणि मत्तयात तेच ‘सुताराचा मुलगा’ असं सौम्य झालं आहे. ‘‘मालक लोक तसंच बोलतात,’’ एक जण म्हणाला.

आता कागदपत्रांचं. पहिला प्रश्न, बायबलचा मजकूर छापायचा का? आज वापरात असलेल्या मराठी भाषांतराचे हक्क राखीव आहेत. पूर्ण शुभवर्तमान छापायचं तर लेखी परवानगी हवी. मी जुलै २०२४ मध्ये पत्र आणि ईमेल पाठवलं, नोव्हेंबरपर्यंत काहीच उत्तर आलं नाही. त्या काळात दुसरा रस्ता तपासला. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली निघालं. आपल्या कायद्यानुसार मरणोत्तर प्रकाशित लेखनाचे हक्क प्रकाशनापासून साठ वर्षं राहतात, म्हणजे ते भाषांतर आता कुणालाही छापता येतं. भाषा सुंदर आहे, पण आमच्या मंडळीच्या कानाला सवय दुसऱ्या मजकुराची. शेवटी मजकूर छापलाच नाही. फक्त अध्याय-ओवीचे आकडे आणि चर्चेपुरती दोनचार शब्दांची अवतरणं. वाचकानं आपलं बायबल शेजारी ठेवायचं. यामुळे पन्नाससाठ पानांची बचत झाली आणि परवानगीची वाट बघणंही संपलं. तुमचं भाष्य छोटं असेल तर आधीपासूनच असं ठरवा.

कॉपीराइटची नोंदणी करावीच लागते असा समज आहे. लागत नाही. १९५७ च्या कायद्यानं लिहिल्याबरोबर हक्क तुमचाच असतो. नोंदणी पुराव्यासाठी असते, साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये, आणि अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. मी केली नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, मात्र घेतला. तो राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून मिळतो, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली, संकेतस्थळावरून, आणि फुकट. मध्यस्थ हजार-दोन हजार मागतात, देऊ नका. लेखकच प्रकाशक असेल तर तशी नोंद करता येते. ओळखपत्र, शीर्षकपान आणि त्याच्या मागचं हक्काचं पान स्कॅन करून तयार ठेवा. शीर्षक अर्जात आणि पानावर अक्षर न् अक्षर सारखं हवं. राज्य कर्नाटक, भाषा मराठी, यात काहीही अडचण नाही, उगीच घाबरून कोल्हापूरच्या नातेवाइकाचा पत्ता देऊ नका. मी तसं करावं असा सल्ला मला दोघांनी दिला होता. महिनाभर तरी हातात ठेवा आणि छपाईच्या आधी अर्ज करा, कारण नंबर आत छापावा लागतो.

अक्षरजुळणी ही बेळगावातली खरी अडचण. इथल्या बहुतेक डीटीपीवाल्यांकडे कन्नडसाठी नुडी हे सॉफ्टवेअर असतं आणि मराठी जुन्या फॉन्टमध्ये. युनिकोडचा मजकूर त्यात नेला की रफार उडतो, ‘र्‍या’ची वाट लागते, ‘ऱ्हस्व’ ओळखू येत नाही. शहापूरमधल्या एका मुलीनं युनिकोडमध्येच पानं लावून दिली, पानाला ३० रुपये, एकूण ७,२००. ग्रीक शब्द मी देवनागरीतच लिहिले होते, त्यामुळे तिसऱ्या लिपीची भानगड टळली. प्रूफ कागदावर काढूनच वाचा. पडद्यावर चूक दिसत नाही. पहिलं प्रूफ स्वतः, दुसरं दुसऱ्याकडून, आणि तिसऱ्यात फक्त आकडे तपासा. संदर्भाची ओवी एका आकड्यानं चुकली की वाचकाचा विश्वास उडतो.

छपाईचे दर बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीकडून घेतले. डेमी १/८ आकार, ७० जीएसएम मॅपलिथो, चिकट बांधणी. ३०० प्रतींना प्रत्येकी ११८ रुपये, म्हणजे ३५,४००. मुखपृष्ठ ३,००० आणि मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या निवृत्त गुरुजींना ५,०००. सगळं मिळून ५०,६००. एक गोष्ट कुणी सांगत नाही. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यात छापलं जातं. माझी पानं २४३ भरत होती, म्हणजे २५६ चे पैसे. तीन पानं कापली आणि २४० वर आणलं, पंधरा फर्मे. निम्मे पैसे भिशीतून आले, बाकी साठवलेले. किंमत १५० ठेवली. मंडळीकडून वर्गणी घेतली नाही. वर्गणी घेतली की शेवटच्या अध्यायाबद्दल मतदान झालं असतं.

प्रेसवाल्यानं एकच अट घातली, मृगाच्या आत काम उरकायचं. बेळगावच्या पावसाळी हवेत कागद ओल धरतो, बांधणीचा गोंद नीट वाळत नाही आणि पानं सुटतात. म्हणून मेमध्येच घाई केली, ते बरं झालं.

छापून आल्यावर एक कर्तव्य उरतं, ते बहुतेक हौशी प्रकाशकांना माहीतच नसतं. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं तीस दिवसांच्या आत स्वखर्चानं कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईचं टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत पाठवायची असते. पोच जपून ठेवा. टपाल खात्यानं १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू केलंय, पुस्तकांसाठीच. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १००, कर वेगळा. धार्मिक पुस्तकंही चालतात, पण पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. माझी प्रत पाकिटासकट ३०० ग्रॅमच्या काठावर जाते, म्हणून जाड पुठ्ठा न घालता साध्या कागदात बांधतो. वाचकांनाही असंच पाठवतो. पोचायला वेळ लागतो, पण माग काढता येतो.

प्रकाशन समारंभ केला नाही. उपासनेनंतर टेबलावर गठ्ठा ठेवला. पहिल्या रविवारी चांगली उचल झाली, दुसऱ्या रविवारी फारच थोडी. पुढच्या प्रती फोनवर गेल्या. निम्म्या खपल्या की छपाईचे पैसेही निघत नाहीत, सगळ्या खपल्या तर छपाई निघते, पण एकूण खर्चातले काही हजार अंगावरच पडतात, हा हिशेब आधीच मान्य करून उतरा. काही पाळकांनी पुस्तक परत केलं, शेवटच्या अध्यायावरूनच. त्यातल्या एकाशी माझा अजून पत्रव्यवहार चालू आहे, आणि त्यांचे दोन आक्षेप विचार करण्यासारखे आहेत.

सगळ्यात जास्त तक्रार अक्षराच्या आकाराची आली. मावशींची नात सोडली तर वाचणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, आणि मी कागद वाचवायला १२ पॉइंट घेतला होता. दुसऱ्या आवृत्तीसाठी १४ पॉइंटवर पानं लावून बघितली. ३०० च्या आसपास जातात, म्हणजे १९ फर्मे, ३०४ पानं. प्रेसवाल्याकडून दर मागवला आहे. चार पानं रिकामी उरतील. त्यात काय घालायचं हे मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘नकाशा घाल. ते सरोवर कुठं, गाव कुठं, काय कळत नाही.’’ नकाशा काढणारा कुणी ओळखीचा असेल तर कळवा.